नर्सी ते घुमान : घरच्या गाडीने निघण्यापूर्वीची तयारी

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान ही त्यांच्या उत्तरायुष्याची कर्मभूमी. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हापासून आमच्या घरात ‘एकदा गाडी काढून जाऊन येऊ’ हा विषय दर दिवाळीत निघत असे. एका बाजूचे अंतर सुमारे १८०० किलोमीटर भरते. हा प्रवास आम्ही एकदा अर्धवट तयारीने केला आणि एकदा नीट तयारीने. येथे लिहिली आहे ती दुसऱ्या खेपेची तयारी. कपडे एकीकडे, औषधे दुसरीकडे, खाऊ तिसरीकडे अशी ती लावलेली नाही. कोणती वस्तू प्रवासात कोणत्या वेळी आणि गाडीच्या कोणत्या कोपऱ्यातून हाताला लागली पाहिजे, या हिशेबाने ती लावली आहे.

असे का, ते पहिल्या खेपेत मध्य प्रदेशातल्या लखनादौनजवळच्या एका ढाब्यावर रात्री नऊ वाजता कळले. आईची साखरेची गोळी जेवणाआधीची. गोळ्या आणल्या होत्या, यादीत त्यांच्यापुढे खूणही केलेली होती. परंतु ज्या निळ्या पिशवीत त्या होत्या, ती टपावरच्या कॅरियरवर दोन सुटकेसींच्या खाली दबलेली, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर नायलॉनच्या दोरीच्या, दिवसभराच्या धक्क्यांनी आवळून बसलेल्या गाठी. मोबाइलच्या उजेडात त्या सोडवायला अर्धा तास गेला. तोवर आईसमोरच्या ताटातली डाळ थंडावून तिच्यावर साय धरली होती आणि ‘असू द्या रे, उद्या घेईन’ असे ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

पहिले काम तारखांचे. आपल्याकडे सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी उरकते त्याच सुमारास शाळांना दिवाळीची सुट्टी असते, आणि परंपरेने नामदेवांची जयंती कार्तिक शुद्ध एकादशीला येते. भाऊबीज ते एकादशी हे अंतर नऊ दिवसांचे आहे. भाऊबीज उरकून तिसऱ्या दिवशी निघाले, पाच दिवस जाण्याचे धरले, तर एखादा दिवस हाताशी ठेवूनही तिथीला घुमान गाठता येते. डिसेंबरच्या मध्यानंतर मात्र उत्तरेत दाट धुके पडू लागते, आणि घरची मंडळी बरोबर असताना त्या धुक्यात गाडी चालवण्याचा हट्ट कोणी करू नये. नोव्हेंबरलाही स्वतःची एक अडचण आहे. पंजाब-हरियाणात भात कापल्यावर गव्हाच्या पेरणीपर्यंत थोडेच दिवस उरतात, म्हणून शेतातली भाताची धसकटे पेटवली जातात. त्या धुराने डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्याला त्रास होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याचा श्वासाचा पंप खिशात आणि दुसरा पंप पुढच्या कप्प्यात, असे दोन ठेवावेत.

मार्ग आधी कागदावर लिहून काढावा. हिंगोलीहून वाशीम, तेथून शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढून नागपूर. पुढे राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून पेंचच्या जंगलातून सिवनी, लखनादौन, सागर, ललितपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा. दिल्ली बाहेरून टाळून पानिपत, अंबाला, लुधियाना, जालंधर, बियास आणि घुमान. दुसऱ्या खेपेत आम्ही सिवनी, झाशी, मथुरा आणि अंबाला असे चार मुक्काम ठरवले. पहिले दोन दिवस साडेचारशेच्या आसपास किलोमीटरचे होतात, मथुरेचा दिवस मुद्दाम छोटा ठेवला. मुक्कामाची खोली पहिल्या व शेवटच्या रात्रीची आधी ठरवावी, मधल्या रात्रींची त्याच दिवशी दुपारपर्यंत. तळमजल्यावरची खोली आणि गाडी लावायला आतली जागा या दोनच गोष्टी फोनवर विचाराव्यात; बाकीचे फोटोत दिसते त्यापेक्षा वेगळेच निघते. पानिपतला १७६१ च्या लढाईचे काला आम येथील स्मारक पाहायचे असेल तर त्यासाठी दोन तास वेगळे काढावे लागतात, आणि मराठी माणसाला ते काढावेसे वाटतातच.

गाडी कोणाची, हा प्रश्न संकोच न करता आधी सोडवावा. आपल्याकडे ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची मोठी गाडी ‘डिझेल टाकून वर रोजाचे इतके’ अशा बोलीवर घेण्याची पद्धत आहे. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणे नियमात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणावरून दावा नाकारू शकते. भाड्याचीच घ्यायची असेल तर पिवळ्या पाटीची, अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेली घ्यावी आणि परवान्याची प्रत स्वतः डोळ्यांखालून घालावी. घरची गाडी असेल तर दिल्लीच्या हवेचा नियम पाहावा लागतो. हवा फार बिघडली की दिल्लीत आणि गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर या जिल्ह्यांत निर्बंधांचा तिसरा टप्पा लागू होतो आणि त्यात गाडीच्या धुराच्या मानकांनुसार भारत स्टेज ३ च्या पेट्रोल व भारत स्टेज ४ च्या डिझेल चारचाकींना बंदी असते. भारत स्टेज ६ चा नियम एप्रिल २०२० पासूनचा, म्हणजे २०१८ ची डिझेल गाडी या बंदीत सापडते. पलवलहून कुंडलीकडे जाणारे पूर्वेकडचे बाह्यवळण याच जिल्ह्यांमधून जाते, त्यामुळे ‘आपण दिल्लीत शिरतच नाही’ हे उत्तर पुरेसे नाही. मथुरेच्या मुक्कामी, रात्री झोपण्यापूर्वी, कोणता टप्पा लागू आहे हे पाहावे. दहा वर्षांहून जुनी डिझेल गाडी या प्रवासाला काढूच नये, असे आमचे मत आहे. तिच्याविषयीचे आदेश इतक्या वेळा बदलले आहेत की रस्त्यात वाद घालण्यात अर्थ नाही.

गाडी निघण्याच्या पंधरा दिवस आधी गॅरेजला दाखवावी, आदल्या दिवशी नव्हे. कारण नव्याने बसवलेला भाग त्रास देणार असेल तर तो हिंगोली-परभणीच्या फेरीतच देऊ द्यावा. ऑइल, कूलंट, ब्रेक, बॅटरी आणि वायपर हे तर गॅरेजवाला पाहतोच. टायर मात्र आपण स्वतः बसून पाहावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असणे कायद्याला चालत नाही, आणि एवढ्या लांबच्या प्रवासाला त्याच्या दुप्पट तरी असावी. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२१’ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत असूनही पाच-सहा वर्षांचा झालेला टायर समृद्धीसारख्या सलग, वेगाच्या रस्त्यावर भरवशाचा राहत नाही. हवेचा दाब टायर थंड असताना, सकाळीच तपासावा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि सात माणसे व सामान घेऊन निघणाऱ्यांनी तोच धरावा. स्टेपनीतली हवा सगळे विसरतात. जॅक आणि पाना घरच्या अंगणात एकदा वापरून पाहावा, म्हणजे पान्याचा तोंडाचा आकार आपल्याच गाडीच्या नटांना बसतो की नाही, हे पेंचच्या जंगलात कळण्याची वेळ येत नाही. स्टेपनी सामानाच्या तळाशी असेल, तर तिच्यावर जे ठेवाल ते एका हाताने उचलता येईल असेच ठेवा.

कागदपत्रांचे काम थोडक्यात आटोपते. वाहन नोंदणी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी मुदती तपासून छापील प्रती पुढच्या कप्प्यात ठेवाव्यात. लॉजवर मात्र प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र मागतात, म्हणून ती सर्व एकाच पाकिटात आणि एकाच व्यक्तीकडे असावीत. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसली नसेल तर ती बसवून घ्यावी. फास्टॅगची केवायसी पूर्ण आहे ना, हे आठवडाभर आधी पाहावे, कारण टॅग बंद निघाला तर जादा टोल बसतो; १५ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या नियमात तो रोखीत दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट होता. खासगी गाड्यांचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष असा होता आणि एवढ्या लांबच्या जाण्या-येण्याला तो नक्कीच परवडतो; परंतु तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, राज्याच्या अखत्यारीतील समृद्धी महामार्गावर चालत नाही, म्हणून टॅगमध्ये वेगळी रक्कमही हवी. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा १०३३ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक मुलांसह सर्वांना पाठ असावेत. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. रोख रक्कम दोन ठिकाणी विभागावी.

आता पिशव्यांकडे येऊ. आमच्याकडे आता तीन थर असतात. पहिला थर अंगाजवळचा: औषधे, पाणी, ओकारीच्या पिशव्या, टॉवेल, चष्मे, चार्जर. दुसरा मुक्कामाचा : प्रत्येक मुक्कामाला गाडीतून उतरवायची एकच मोठी पिशवी, जिच्यात सर्वांचे त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, साबण, दंतमंजन व पातळ चादरी असतात. बाकी सर्व तिसऱ्या थरात, टपावर. ते घुमानला पोहोचेपर्यंत सोडायचे नाही. या रचनेने माणशी कपडे आपोआप कमी होतात. स्वेटर आणि शाली मात्र मुक्कामाच्या पिशवीत हव्यात. मराठवाड्यातून निघताना पंखा लागतो आणि अंबाल्याच्या पहाटे कानटोपी शोधावी लागते.

औषधांच्या पिशवीत नेहमीच्या गोळ्या दिवस अधिक चार अशा हिशेबाने घ्याव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण परगावच्या दुकानात तीच गोळी दुसऱ्या नावाने मिळते आणि चिठ्ठीवरचे मूळ नाव पाहिल्याशिवाय ती ओळखता येत नाही. इन्सुलिन असेल तर ते थंड हवे, पण बर्फाला चिकटलेले नको. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ओकारीची गोळी गाडीत बसण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी लागते, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. ज्या मुलाला त्रास होतो त्याला पुढे पाहता येईल अशी मधली जागा द्यावी आणि मोबाइल काढून घ्यावा.

पाण्याविषयी आम्हाला कोणी शिकवावे असे नाही. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलेले पाहिलेली ही माणसे, रिकामा डबा दिसला की भरून ठेवतात. तरीही वीस लिटरचा जार गाडीत घेऊ नये; तो सांडतो, ओतायला दोन माणसे लागतात आणि ब्रेक दाबला की पुढे येतो. पाच लिटरचे दोन डबे आणि प्रत्येकाची स्वतःची बाटली, एवढे पुरते.

खाण्याचा विषय मोठा आहे आणि तो काकूंच्या हातात द्यावा. पहिल्या दिवसाला धपाटे. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगले राहतात, पण त्यासाठी ते तव्यावरून काढल्यावर कापडावर एकेक पसरून पूर्ण निवू द्यावे लागतात. गरम असताना डब्यात रचले की वाफ धरून चिकट होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाला दशम्या, नुसत्या दुधात भिजवलेल्या, पाण्याचा हात न लावलेल्या. शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी परतीपर्यंत टिकते. ती दोन छोट्या बरण्यांत घ्यावी, म्हणजे एक उघडी राहिली तरी दुसरी कोरडी राहते. दिवाळीचा चिवडा आणि शंकरपाळे असतातच. दही मात्र वाटेत, डेअरीवरून, त्या वेळेपुरते घ्यावे. गॅसची शेगडी व टाकी गाडीत घालण्याचा आग्रह घरातून होईल; तो मान्य करू नये. बंद गाडीत, उन्हात, सात माणसांबरोबर सिलिंडर ठेवणे धोक्याचे आहे. लॉजवर चहापुरती विजेची किटली पुरे.

चालक दोन असावेत आणि दर दोन तासांनी बदलावेत. जेवणानंतरचा तास आणि पहाटेची वेळ झोपेची असते. समृद्धीसारख्या सरळ, वळण नसलेल्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही माणूस सुन्न होतो, म्हणून तेथे तासाभराने तरी थांबावे. आमचा नियम अंधार पडल्यावर तासाभरात मुक्काम गाठण्याचा आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, आणि आईलाही तो लावायला सांगावा लागतो. तिच्या पट्ट्याखाली खांद्याला घासू नये म्हणून आम्ही एक मऊ उपरणे ठेवतो.

घुमानच्या दरबारात, म्हणजे नामदेवांच्या गुरुद्वारात, डोके झाकून जावे लागते, म्हणून प्रत्येकाचा रुमाल किंवा ओढणी मुक्कामाच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात हवी. तंबाखू आत नेणे तेथे अत्यंत अनुचित मानले जाते. आमच्या भाऊजींची चुन्याची डबी पहिल्या खेपेला जोड्यांच्या स्टँडपर्यंत जाऊन परत गाडीत आली होती; दुसऱ्या खेपेत ती अंबाल्याच्या लॉजवरच ‘विसरून’ ठेवण्यात आली.

घर आणि शेत सोडून दहा-बारा दिवस निघायचे, तर हळदीला पाणी देण्याची पाळी आणि थ्री-फेज विजेचे वेळापत्रक समजेल अशा माणसाला मोटारीच्या स्टार्टरपाशी उभे करून सांगावे, फोनवर नव्हे. दुभते जनावर असेल तर वैरण कोणत्या गंजीतून काढायची, हेही दाखवून ठेवावे. शेजारच्या घरी किल्ली आणि निघण्याच्या रात्रीपासूनचा मुक्कामांचा कागद द्यावा. गॅसची टाकी बंद, पाण्याची मोटार बंद, देवघरातला दिवा विझलेला, एवढे पाहून मुख्य दार ओढावे.

निघण्याच्या पहाटे भरण्याचा क्रम उलटा असतो : आधी टपावरचे, मग स्टेपनीवरचे, मग मुक्कामाची पिशवी, शेवटी पाणी. औषधांची पिशवी भरायचीच नसते. दुसऱ्या खेपेत आई ती मांडीवर घेऊनच गाडीत बसली. नर्सीच्या मंदिरात दर्शनाला उतरतानाही ती तिने खाली ठेवली नाही, आणि ‘इकडे द्या, मागे ठेवतो’ असे आमच्यापैकी कोणी म्हणाले नाही.