पोरांच्या संघाची वही कशी ठेवावी

कोल्हापुरात पेठेची फुटबॉल मॅच बघत वाढलेल्याला निकाल पाठ असतात, पण भारताच्या ज्युनियर संघाचा हिशेब तोंडी राहत नाही. म्हणून मी दोनशे पानी वही केली.

पहिली गोष्ट, प्रत्येक वयोगटाला वेगळं पान द्या. आशियाई स्पर्धेची नावं बदलत गेलीत. 2018 ची 16 वर्षांखालील स्पर्धा 2023 मध्ये 17 वर्षांखालील झाली. एकाच पानावर लिहिलंत की घोळ झालाच. माझा झाला, चार पानं फाडली.

मग रकाने: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, गोल, आणि संघ पात्र ठरून आला की यजमान म्हणून. हा शेवटचा रकाना गाळू नका. 2017 चा 17 वर्षांखालील विश्वचषक आपल्याला यजमानपदामुळे मिळाला. दिल्लीत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4. नुसते आकडे वाचले तर वाईट वाटतं. म्हणून बाजूला टीपही लिहा: कोलंबियाविरुद्ध 82व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगचं हेडर, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. मी घरात उडी मारली अन् पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा मारला! त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याच्या नावाखाली लाल रेघ आहे.

संयुक्त विजेतेपदासमोर 'सं.' लिहा. 1974, बँकॉक, इराणशी 2-2, युवा आशियाई चषक दोघांना.

मुलींचं पान मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. मी उशिरा सुरू केलं.