डीयूला फॉर्म भरताय? आधी तहसीलला जा

मामेभाऊ यंदा बारावीला आहे आणि त्याला दिल्ली युनिव्हर्सिटीला जायचंय. रोज रात्री अकराला मेसेज, ताई हे लागतं का, ताई ते लागतं का. वैतागून एकदाच सगळं लिहून काढतेय, बाकी कुणाच्या कामाला आलं तर येऊ दे. मी दोनदा फॉर्म भरलाय. २०२४ ला नॉर्थ कॅम्पसच्या एका कॉलेजात इकॉनॉमिक्स ऑनर्सची सीट लागली होती आणि ती एका कागदापायी गेली, वर्षभर पुण्यात काढलं, परत परीक्षा दिली, २०२५ ला आत. त्यामुळे त्या एका कागदाबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, ऐकून घ्या.

तो कागद म्हणजे ओबीसीवाल्यांचं नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे ओबीसीतल्या वरच्या, सधन थरात आपण मोडत नाही याचं सर्टिफिकेट. पण आपलं नेहमीचं नाही. केंद्राच्या नमुन्यातलं, आणि ज्या वर्षी अ‍ॅडमिशन त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर निघालेलं. दोन्ही अटी एकदम. माझ्याकडे होतं ते राज्याचं, मराठीतलं, खाली "३१ मार्च २०२६ पर्यंत वैध" असं ठळक छापलेलं. मला वाटलं वैध आहे म्हणजे वैध आहे. आपल्याकडे तीन वर्षांचं उत्पन्न दाखवलं की तीन वर्षांची मुदत मिळते, इथल्या सगळ्या अ‍ॅडमिशनला ते चालतं, म्हणून कुणाच्याच डोक्यात दुसरं काही येत नाही. दिल्लीत ती मुदत कुणी बघत नाही. ते नमुना बघतात आणि निघाल्याची तारीख बघतात, बास.

२०२४ ला सीयूईटीचा, म्हणजे डीयूसाठी द्यावी लागणाऱ्या प्रवेश परीक्षेचा, निकालच २८ जुलैला लागला आणि डीयूची पहिली लिस्ट १६ ऑगस्टला. शुक्रवार होता. संध्याकाळी पेढे आणले, रात्री डॅशबोर्डवर कॉलेजची क्वेरी येऊन पडली की सर्टिफिकेट सेंट्रल फॉरमॅटमधलं अपलोड करा. शनिवार-रविवार तहसील बंद. सोमवारी आई सकाळी नऊपासून सेतूच्या दारात, अकराला ते उघडलं, मग सर्व्हर डाऊन, मग कळलं की गेल्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखलाच काढलेला नाही आणि त्यासाठी आधी तलाठी, आणि तलाठी त्या दिवशी दुसऱ्या सज्जावर. आईनं मला फोन करून विचारलं, "अगं पण हे वैधच आहे ना, इथं लिहिलंय की." मी काय सांगणार. दोन दिवसांनी सीट रद्द. जनरलमधून तेवढे मार्क नव्हते.

म्हणून क्रम उलटा करा. लोक आधी परीक्षेचा फॉर्म भरतात, अभ्यास करतात, निकाल लागला की कागदांकडे वळतात. तुम्ही मार्चमध्येच कागद गोळा करा: जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, वडिलांचे आधीच्या तीन वर्षांचे उत्पन्नाचे दाखले. सरतं आर्थिक वर्ष संपल्यावर त्याचा दाखला काढायला तलाठ्याकडे जावंच लागतं, ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरका आणि लगेच अर्ज टाका. टाकताना सेतूवाल्याला तीनदा सांगा की सेंट्रलचं हवंय, सेंट्रलचं. तो हो म्हणेल आणि राज्याचंच भरेल, कारण दिवसाला पन्नास जण राज्याचंच मागतात. हातात पडल्यावर तिथंच उभं राहून वाचा. केंद्राचं इंग्रजीत असतं, त्यात भारत सरकारच्या संस्थांतल्या प्रवेशासाठी असा उल्लेख असतो आणि खाली ८ सप्टेंबर १९९३ च्या ऑफिस मेमोरँडमचा हवाला असतो. ती ८.९.१९९३ ची तारीख दिसली की समजायचं बरोबर कागद मिळाला. ती नसेल तर काउंटर सोडायचा नाही.

आणि त्याआधी तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा, राज्याची यादी वेगळी आणि केंद्राची वेगळी. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर महाराष्ट्राची यादी आहे. आपल्याकडचे एनटी, व्हीजे, एसबीसी हे वेगळे गट दिल्लीत नाहीतच, यादीत नाव असेल तर तुम्ही तिथं ओबीसी. एसईबीसीचा दाखला तिथं चालत नाही. ईडब्ल्यूएसवाल्यांनी हसू नये, तुमचंही सर्टिफिकेट त्याच वर्षाचं लागतं. एससी-एसटीवाल्यांना हे दरवर्षीचं झंझट नाही, त्यांनी पुढे जावं.

घरात एक वाद हमखास होतो, बाबांचा पगार आठ लाखाच्या वर आहे म्हणजे आपण क्रिमीलेयर. तसं सरळ नसतं, नॉन-क्रिमीलेयरच्या आठ लाखांत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, आईवडिलांचं पद काय ते वेगळं बघतात. ईडब्ल्यूएसला मात्र सगळं धरतात. माझ्या एका मैत्रिणीनं हे माहीत नसल्यामुळे दाखलाच काढला नाही, ते एक असो. जात वैधता, जिच्यासाठी आपल्याकडे लोक समितीच्या पायऱ्या झिजवतात, ती मला दिल्लीत कुणी विचारली नाही. मी फाईलला लावून नेली होती, तशीच परत आणली.

आता परीक्षा. सीयूईटी. २०२५ पासून जास्तीत जास्त पाच विषय, सगळं कॉम्प्युटरवर, एका पेपरला ५० प्रश्न आणि ६० मिनिटं, बरोबरला पाच, चुकलं की एक वजा. म्हणजे एक पेपर अडीचशेचा. विषय निवडताना आधी डीयूचं माहितीपत्रक उघडा, कोर्सपुढे कुठले विषय लागतात ते लिहिलेलं असतं, मग उलटं येत येत पाच ठरवा. मित्रानं जे घेतलं ते घ्यायचं नाही. साधारण असं की जो विषय बारावीला होता त्यातच परीक्षा द्यायची. इकॉनॉमिक्स ऑनर्सला एक भाषा, गणित आणि आणखी दोन. गणित म्हणजे गणितच. आपल्याकडे कॉमर्सला निम्मी पोरं अकरावीत गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतात, सोपं म्हणून, त्यांना हा दरवाजा तिथंच बंद झालेला असतो आणि कळतं दीड वर्षानं. अकरावीतलं कुणी वाचत असेल तर आत्ता जागे व्हा.

भाषेत मराठीचा पेपर असतो, तेरा भाषांमध्ये ती आहे. मी इंग्रजी घेतलं कारण इंग्रजी ऑनर्सचा ऑप्शन उघडा ठेवायचा होता, पण ज्याला फक्त एक भाषा हवीय आणि मराठी पक्की आहे त्यानं लाजायचं कारण नाही.

अभ्यासाचं एवढंच की बोर्डाला बालभारती आणि सीयूईटीला एनसीईआरटी. बालभारतीवर सीयूईटी द्यायला गेलात तर प्रश्न ओळखीचे वाटतात आणि उत्तरं येत नाहीत. बाकी क्लास-बिस ज्याचं त्यानं ठरवावं. बारावीचे मार्क अ‍ॅडमिशनला धरत नाहीत, पण दोघांचा स्कोअर सारखा आला तर तिथं बघतात, तेव्हा बोर्ड अगदीच सोडू नका.

फॉर्म भरताना नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी येतं आणि आधारवर शेवटी, कुणाचं वडिलांचं नाव आहे कुणाचं नाही, कुठं एक ए जास्त. दहावीच्या मार्कलिस्टप्रमाणे सगळं ठेवा आणि आधारमध्ये स्पेलिंग वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. हो, आणि सर्टिफिकेटवर पण तेच स्पेलिंग. कुठलं सर्टिफिकेट ते आता सांगायला लावू नका. सेंट्रलचं, १ एप्रिलनंतरचं.

ईमेल आणि मोबाईल स्वतःचा. नेट कॅफेवाल्याचा ईमेल टाकू नका, माझ्या वर्गातल्या एकानं टाकला होता, मग प्रत्येक ओटीपीला त्याच्या दुकानात पळायचा, आणि दुकान सोमवारी बंद.

सीयूईटी दिली म्हणजे डीयूला अर्ज झाला असं नाही. डीयूचं सीएसएएस पोर्टल (सीट वाटपाचं) वेगळं आहे, तिथं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी फी. पहिल्या टप्प्यात माहिती आणि कागद, आणि इथंच तुम्ही कॅटेगरी भरता आणि सर्टिफिकेट अपलोड करता. मी याच ठिकाणी राज्याचं टाकलं होतं. पोर्टलनं निमूट घेतलं, हिरवी टिक पण दाखवली! त्या टिकवर विश्वास ठेवू नका, ती फक्त फाईल चढली एवढंच सांगते. माणूस तो कागद पहिल्यांदा उघडतो तो सीट लागल्यावर, आणि तेव्हा तुमच्याकडे मोजून दोन-तीन दिवस असतात, त्यात एक रविवार हमखास.

दुसरा टप्पा प्रेफरन्सचा. कोर्स आणि कॉलेज अशी जोडी करून क्रम लावायचा. जितक्या भरता येतील तितक्या भरा, मी पहिल्या वर्षी अकरा भरल्या होत्या, हिंदू, मिरांडा, एसआरसीसी, एलएसआर, हंसराज वगैरे नावं ऐकून. दुसऱ्या वर्षी शंभराच्या वर. क्रम खरा लावा, म्हणजे जे सगळ्यात हवंय ते वर, स्कोअर बघून घाबरून खाली ढकलू नका, वरचं नाही लागलं तर खालचं बघतातच. आधी ठरवायचं एवढंच की कॉलेज महत्त्वाचं की विषय, कारण मोठ्या कॉलेजात नको असलेला विषय घेऊन तीन-चार वर्षं काढणारे इथं माझ्या मजल्यावरच दोघं आहेत. मिरांडा आणि एलएसआर मुलींची, पोरांनो वेळ घालवू नका. सेंट स्टीफन्सला ख्रिश्चन कोट्यातून जायचं असेल तर कॉलेजचा वेगळा फॉर्म आणि इंटरव्ह्यू असतो, ८५ टक्के सीयूईटी आणि १५ टक्के इंटरव्ह्यू, ते त्यांच्या साइटवर बघा. लिस्टच्या आधी सिम्युलेटेड रँक दाखवतात, तो अंदाज आहे, रडायचं नाही आणि पेढेही आणायचे नाहीत. रँक बघून क्रम बदलायला थोडा वेळ देतात तो वापरा, मग आपोआप लॉक होतं.

सीट लागली की अ‍ॅक्सेप्ट दाबायचं, आवडली नसेल तरी दाबायचं, कारण मुदतीत नाही दाबलं तर प्रक्रियेतूनच बाहेर. वरचं हवं असेल तर फी भरून अपग्रेडला जा. वरची लागली की आधीची जाते, परत मागता येत नाही. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे अ‍ॅडमिशन नाही, कॉलेज कागद तपासतं (कुठला कागद सगळ्यात आधी उघडतात ओळखा), मग फी भरली की अ‍ॅडमिशन. यूपीआयची रोजची लिमिट आधी बघून ठेवा, आम्ही दुसऱ्या वर्षी रात्री साडेदहाला काकाला उठवलं.

बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि कॉलेजचा सोडल्याचा दाखला निकालानंतर लगेच काढा, पुण्यात वगैरे सेफ्टीला अ‍ॅडमिशन घेतली असेल तर तिथं ओरिजिनल अडकतात ते लक्षात ठेवा.

हॉस्टेल वेगळं असतं, त्याचा फॉर्म वेगळा, जागा थोड्या. नाहीतर कमला नगर, विजय नगरला पीजी, बघायला एक माणूस आधी जाऊ दे, फोटोवर पैसे पाठवू नका. तिकीट वेटिंगलाच मिळणार, पुण्याहून झेलम, सोलापूरकडच्यांना कर्नाटक एक्सप्रेस. मेट्रोची पिवळी लाईन, विश्वविद्यालय स्टेशन. रजई तिथं घ्या, इथून नेऊ नका. थंडीचं नंतर बघू.

अजून काही राहिलं असेल तर राहिलं, मी थकले. मामेभावानं हे वाचून आत्ताच विचारलंय, "ताई, माझं नॉन-क्रिमी मागच्या वर्षी काढलंय, २०२८ पर्यंत आहे, चालेल ना?"

नाही चालणार रे. शनिवारी जाऊ नकोस, बंद असतं. सोमवारी जा, आणि झेरॉक्स घरूनच काढून ने, तिथलं मशीन कधीच चालू नसतं.