पोट म्हणजे एक अवयव नव्हं! पोरांना शरीर शिकवायची आमची घरगुती पद्धत

पुतणी सहावीत आहे. परवा तिला सहज विचारलं, यकृत काय करतं गं, तर एका दमात म्हणाली पित्त तयार करतं, आणि कुठं असतं म्हटल्यावर हात सरळ बेंबीवर. "मी पाठ केलो की काका!" आता काय बोलणार. मग रविवारी बसून जे केलं ते सांगतो, तुम्हीपण करून बघा, खर्च शून्य.

एक जुना काळा टीशर्ट आणि खडू घ्या. टीशर्ट पोरानं घातलेला पायजे, कारण पुस्तकातल्या चित्रात माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतोय, त्याचं डावं आपल्या उजवीकडं येतंय आणि पोरं तिथंच गंडतात. अंगावरच काढलं की हा घोळच मिटला.

सुरुवात हृदयानं करा. पोराला मूठ आवळायला सांगा, साधारण तेवढंच त्याचं हृदय. लोक पार डाव्या बाजूला हात ठेवत्यात, पण ते छातीच्या हाडामागं जवळजवळ मध्येच असतंय, टोक तेवढं डावीकडं झुकलेलं. मग मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची, अंगठा नको, अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि मोजणी चुकते. 15 सेकंद मोजा, चारनं गुणा. मोठ्या माणसाचं बसल्या जागी 60 ते 100 येतं, लहानांचं जरा जास्त. आता जिना तीनदा वरखाली करून परत मोजा. आमच्या मॅडमनी मोजलं आणि म्हणाल्या मग जोतिबाच्या पायऱ्या चढताना किती होत असतील! बरोबर प्रश्न. पायाच्या स्नायूंना जादा ऑक्सिजन पायजे म्हणून पंप जोरात चालतोय, नुसतं बसलं तरी मिनिटाला 5 लिटरच्या आसपास रक्त फिरवतोय. वहीच्या कागदाची नळी करून छातीवर कान लावा, ठोके ऐकू येतात. 1816 मध्ये लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं अशीच कागदाची गुंडाळी वापरली होती, त्यातनंच स्टेथोस्कोप आला.

फुफ्फुसांना टेलरचा टेप. छातीभोवती गुंडाळा, श्वास सोडून माप घ्या, मग भरून घ्या, फरक दिसतो. उजव्याचे तीन भाग, डाव्याचे दोनच, कारण हृदयाला जागा करून दिलीय.

आता काळजाचा घोळ. आपण म्हणतो काळजात धस्स झालं आणि हात जातो हृदयावर, पण मटणवाल्याकडं काळीज मागितलं की पिशवीत येतं ते यकृत! पोरांना हे सांगितलं की आयुष्यात विसरत नाहीत. यकृत उजव्या बरगड्यांच्या खाली दडलेलं, मोठ्या माणसात दीड किलोच्या घरात. साखर साठवणं, औषधं आणि दारू निस्तरणं, पित्त करणं, असली शंभर कामं एकटंच ओढतंय. त्याच्याखाली पित्ताशयाची छोटी पिशवी. पांढरा रस्सा ओरपला की त्यातल्या खोबरं-काजूचं तेलतूप आतड्यात पोचतंय, आणि ती पिशवी आवळून पित्त सोडते, तेव्हा कुठं ते पचतंय.

जठर डावीकडं वर, बरगड्यांच्या आडोशाला. त्याच्या मागं स्वादुपिंड, ते इन्सुलिन करतंय. प्लीहा डावीकडं अजून मागं, जुन्या रक्तपेशी मोडीत काढते. बेंबीच्या आजूबाजूला सगळा आतड्यांचा गुंता, लहान आतडं ताणलं तर 6 मीटरच्या आसपास.

किडनीसाठी पोराला पाठमोरं उभं करा. शेवटच्या बरगड्यांपाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूला. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातनं गाळत्यात, म्हणजे लग्नात ठेवतात ते 20 लिटरचे नऊ जार, आणि त्यातलं लघवी म्हणून बाहेर दीड-दोन लिटरच. बाकी सगळं परत रक्तात.

हे कशासाठी, तर आमच्या घरात कुठंपण दुखलं की "पोटात दुखतंय", आणि आईचा ओवा तयार. पोरानं नेमकं बोट ठेवलं तर डॉक्टरचं काम सोपं होतंय. बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं खाली उजवीकडं सरकलं, त्यात उलटी-ताप असला, तर अपेंडिक्स असू शकतंय, ओवा बाजूला ठेवून दवाखाना गाठा. आणि मोठ्यांनी, छातीत दाबल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखणं, दरदरून घाम, हे "कालच्या मिसळीचं ॲसिडिटी" म्हणून ढकलू नका, 108 लावा.

अजून एक, मटणाच्या दुकानात दाखवायचंच असेल तर गुर्दा आणि हृदय दाखवा, आपल्यासारखंच असतंय बऱ्यापैकी. वजडी दाखवून माणसाचं जठर असं सांगू नका फक्त, बोकड रवंथ करतंय, त्याच्या पोटाला चार कप्पे असत्यात.