जुनी डिझेल गाडी घेताना १२४८ सीसीच्या देशी इंजिनाचा फायदा कसा घ्यावा

जुनी डिझेल गाडी दाखवताना मालक रंग, टायर आणि सीटकव्हर यांचे कौतुक करतो. आपण मात्र आधी आरसीवरील घनक्षमता वाचावी. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा किंवा पुंटोच्या आरसीवर १२४८ हा आकडा असेल, तर बॉनेटखाली फियाटच्या आराखड्याचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन आहे. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट. भारतात ते पुण्याजवळच्या रांजणगावात आणि हरियाणातील मानेसरमध्ये तयार होत असे. इतक्या गाड्यांत ते बसले की त्याला थट्टेने 'राष्ट्रीय इंजिन' म्हटले जाऊ लागले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांतून ते गेले.

आराखडा इटलीचा असला, तरी मालकाला उपयोग होतो तो येथे झालेल्या उत्पादनाचा. सुटे भाग परदेशातून मागवावे लागत नाहीत आणि हे इंजिन अनेकदा उघडलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही भेटतो. हा लाभ खरेदीपूर्वीच पडताळावा. जवळच्या दोन गॅरेजांत आणि एका सुट्या भागांच्या दुकानात टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग), इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) व टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारी साखळी) यांचे भाव विचारून ते गाडीच्या किमतीशी ताडून पाहावेत.

गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सरळ दुसरा दिवस मागावा. या इंजिनाला पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, आणि ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल होऊन सुरू होताना खडखडते. नंतर इंजिन चालू ठेवून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, किंचित वर ओढावी. नळीतून धूर जोराने येत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याची शक्यता असते. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येणे म्हणजे ऑइल जळणे, मग ते टर्बोतून येत असो वा रिंगांमधून.

एका बाबतीत मात्र फसगत होते. हे इंजिन ७५ आणि ९० पीएस (अश्वशक्ती) अशा दोन रूपांत आले, आणि दोन्हींचे टर्बो वेगळे आहेत. म्हणून 'मल्टिजेटचा टर्बो द्या' एवढेच न सांगता गाडीचा चेसिस क्रमांक देऊनच भाग मागवावा.