ऑफिसमधल्या सगळ्या संगणकांवर एकच फोल्डर कसा वापरावा

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली की तिच्या ‘फायनल’, ‘नवीन फायनल’ अशा प्रती वाढत जातात. सगळे संगणक एकाच राउटरवर असतील आणि त्यांत विंडोज 10 किंवा 11 असेल, तर सामायिक फोल्डर फुकटात करता येतो. त्याला इंटरनेटही लागत नाही.

दिवसभर चालू असणारा संगणक निवडा. त्याची स्लीप सेटिंग ‘नेव्हर’वर ठेवा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करण्याचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका, त्यामुळे वायफायवर आलेल्या पाहुण्यालाही तुमचे हिशेब दिसू शकतात.

त्याऐवजी त्याच संगणकावर सहकाऱ्यांसाठी वेगळे लोकल खाते उघडा आणि त्याला पासवर्ड द्या. नेटवर्कवरून येताना पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

आता फोल्डरवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग असे जात ‘शेअर धिस फोल्डर’वर टिक करा. मग ‘परमिशन्स’ उघडा. तिथे ‘एव्हरीवन’ आधीपासून असतो, तो काढा आणि नवे खाते जोडा. नुसते वाचायचे असेल तर ‘रीड’ पुरे, बदलही करायचे असतील तर ‘चेंज’. ‘फुल कंट्रोल’ची गरज सहसा पडत नाही. शेजारच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्येही त्या खात्याला तेवढीच परवानगी हवी, कारण दोन्हींपैकी जी कमी, ती लागू होते.

दुसऱ्या संगणकावर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन पहिल्या संगणकाचे नाव टाका. हे नाव सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये मिळते. खात्याचे नाव आणि पासवर्ड दिला की फोल्डर दिसेल. त्यावर राइट क्लिक करून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडा, म्हणजे रोज पत्ता टाइप करायला नको.

एकाने एक्सेलची फाइल उघडी ठेवली असेल तर दुसऱ्याला ती ‘रीड ओन्ली’ उघडते. ती बंद करायला हाक मारावी लागते. साध्या विंडोजवर एका वेळी 20 जोडण्यांचीच मर्यादा आहे, पण लहान ऑफिसला तेवढ्या भरपूर झाल्या.

खरा धोका डिलीटचा. नेटवर्कवरून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. त्यामुळे या फोल्डरची एक प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा.