माळेगावला निघण्याआधी: जुन्या कॅमेऱ्याला चामड्याची केस

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्ष वद्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला भरते. तिथं रोलचा जुना कॅमेरा न्यायचा असेल तर दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच केसच्या मागे लागा. मोबाइलचं कव्हर मॉडेल सांगितलं की मिळतं, पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्याचं तसं नसतं. मापं काढावी लागतात, कातडं पारखावं लागतं, शिवणाऱ्याकडे तीन-चार चकरा होतात. केस हातात आली तरी तिचा वास उडेपर्यंत आठवडाभर सावलीत टांगून ठेवावी लागते. मी नांदेडात राहतो म्हणून उदाहरणं इथली येतील. बाकी कॅमेरा औशाच्या किल्ल्यात न्या नाहीतर वेरूळला, खटपट तीच.

सगळ्यात आधी घरात ठरवून टाका की कॅमेरा केसमध्ये घालून कपाटात ठेवायचा नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. थोरल्या काकांचा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन, १९७३ साली आलेलं मॉडेल, ४५ मिलीमीटरची एफ १.७ लेन्स. काका गेल्यावर काकूंनी तो मूळच्या केसमध्ये घालून, वर टॉवेल गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेवला. चार डांबरगोळ्याही टाकल्या. बिचारीनं जपूनच ठेवला होता. अठरा पावसाळ्यांनी ट्रंक उघडली तेव्हा केसवर पांढरा बुरा होता, टिचबटणांभोवती हिरवी साय होती आणि लेन्समध्ये टॉर्च मारला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसत होते. चामडं हवेतली ओल पितं आणि धरून ठेवतं, बुरशीला खायलाही तेच पुरतं. बुरशीतून सुटणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, मग कितीही पुसा, डाग जात नाही. काकांच्या लेन्सच्या कडेला नखाएवढा डाग अजून आहे. हिरवं होतं तो पितळेचा कळंक. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तसंच हे: चामड्यातलं तेल आणि आम्ल पितळेतल्या तांब्याला लागतं. डांबरगोळ्या आणि कापूर यांची वाफही कॅमेऱ्याला वाईटच, कॅमेऱ्याबरोबरच्या पुस्तिकांतसुद्धा तसं बजावलेलं असतं.

तेव्हा केसच्याही आधी डबा घ्या. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. जेलचे दाणे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे झाले की वाळवून घ्यायचे, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नको. आपल्याकडे आठ महिने हवा कोरडी, त्यामुळे कुणी हे मनावर घेत नाही. घात होतो तो उरलेल्या चार महिन्यांत.

आता कॅमेरा पालथा घाला. केस निवडताना माणूस पुढून बघतो, पण अडचणी सगळ्या बुडाशी असतात. याशिकाच्या बुडाला बॅटरीचं झाकण आहे, रोल मागे गुंडाळण्याआधी दाबायचं बटण आहे आणि ट्रायपॉडचं भोक आहे. केस त्याच भोकात स्क्रूनं बसते. तळाला बॅटरीसाठी आणि बटणासाठी जागा कापलेली नसली तर छत्तिसावा फोटो झाल्यावर भर गर्दीत स्क्रू काढत बसावं लागतं. कोऱ्या कागदावर कॅमेरा ठेवून पेन्सिलीनं कड मारा आणि ही तिन्ही ठिकाणं मोजून दाखवा. माझी पहिली केस इथंच वाया गेली. कॅमेरा पालथा ठेवून मोजलं आणि कागद तसाच शिवणाऱ्याला दिला. आरशात होतं तसं डाव्याचं उजवं झालं, बॅटरीची खिडकी भलत्याच कोपऱ्यात पडली. हल्ली कागदावर ‘ही बाजू कॅमेऱ्याकडे’ असं ठळक लिहितो.

स्क्रू पाव इंची लागतो. काही जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचं भोक तीन अष्टमांश इंचाचं असतं, त्यात आधी भोक लहान करणारा पितळी बुश बसवावा लागतो. स्क्रू लांब पडला तर जोर करू नका. तळाला टेकल्यावर आणखी पिळलं तर कॅमेऱ्याचं नुकसान होतं, केसचं काही बिघडत नाही.

कॅमेरा दुसरा असेल तर यादी थोडी बदलते. पेंटॅक्स के १००० च्या लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याला, चालू-बंदचं बटणच नाही. लेन्सवर उजेड पडला की मीटर जागा, अंधार झाला की झोपतो. त्याला टोपण तरी लावा नाहीतर पुढून पूर्ण झाकणारी केस घ्या, नुसतं बूड आणि कडा झाकणाऱ्या हाफ केसमध्ये टेबलावर पडून राहिला तर बॅटरी चाटून जाते. रशियन झोर्की ४ चा मागचा पत्रा बुडासकट निघतो, म्हणजे रोल बदलायचा तर दर वेळी केस उतरवावी लागणार. त्याला बोटांनी फिरणारा स्क्रू बघा. दोन लेन्सच्या याशिका-मॅटमध्ये वरून वाकून बघायचं असतं, तेव्हा वरचं झाकण पूर्ण मागे पडलं पाहिजे. आग्फा क्लिक थ्री बऱ्याच घरांत माळ्यावर सापडतो. तो हलका असतो, त्याला आईनं शिवलेली गोधडीची पिशवीही चालते. उगाच पैसे घालू नका.

हाफ केस घ्यावी की पूर्ण, हे कुठं जाणार त्यावर ठरवा. पूर्ण केसला फोटोवाले एव्हररेडी म्हणतात, आणि ती उघडेपर्यंत समोरचा प्रसंग निघून जातो म्हणून थट्टेनं नेव्हररेडी. थट्टा खरी आहे. होट्टलच्या देवळांत, कंधारच्या किल्ल्यात मी हाफ केसच नेतो. बूड आणि कडा सांभाळल्या जातात, हाताला पकड मिळते, बाकी कॅमेरा मोकळा. पूजेच्या देवळात गाभाऱ्याकडे चामडं नेलं की कुणीतरी हटकतंच, तिथंही एक स्क्रू काढून केस बाहेर ठेवता येते. माळेगावला मात्र हाफ केस पुरत नाही. घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार, काळी जमीन, हजारो पायांखाली तिचं झालेलं पीठ, आणि पालखी निघाली की ‘यळकोट यळकोट जय मल्हार’च्या गजरात वरून भंडारा. हळदीची ही पूड फोकसच्या कड्याच्या फटीत गेली की कडं फिरवताना करकर लागते. तिथं पूर्ण केसच हवी, पण पुढचं नाक, म्हणजे लेन्स झाकणारा फुगीर भाग, टिचबटणांनी सुटं होणारं. लोंबतं नाक वाऱ्यानं नेमकं लेन्ससमोर येतं, माझ्या एका रोलमध्ये सहा फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात ते काळं बोंडूक आहे. नाकाचं माप घेताना लेन्सवर फिल्टर चढवूनच घ्या.

कातड्याची पारख मला बसस्टँडजवळ बसणाऱ्या एका मामांनी शिकवली. मी ऑनलाइन मागवलेली, ‘जेन्युइन लेदर’चा शिक्का मारलेली केस त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी कातडं कापायच्या रापीच्या टोकानं कड जराशी उचकटली आणि मलाच दाखवली. "मालक, खाली भुगा, वर प्लास्टिक. दोन उन्हाळे काढले ह्यानं तर माझं नाव बदला." एकच निघाला. मे महिन्यात कोपऱ्यांचे पापुद्रे सुटायला लागले.

तेव्हापासून मी आधी कापलेली कड बघतो. कडेत कापडाचे धागे दिसले तर रेग्झिन. मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं: मऊ, पाण्याला बऱ्यापैकी टिकणारं, पण आकार न धरणारं. हाफ केसला किंवा सैल पिशवीला ते चालतं. कड आतपर्यंत तपकिरी असेल आणि पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर काळपट डाग उमटला तर बहुधा झाडाच्या सालीनं कमावलेलं. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा ही आपल्या माळावरची आणि रानातलीच सामग्री त्यात वापरतात. हे चामडं ताठ असतं, ओलं करून साच्यावर बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरतं, म्हणून पूर्ण केसला हेच मागा. आपल्याकडे मिळतं ते बरंचसं म्हशीचं, जाड. हाफ केसला दीड मिलीमीटर, पूर्ण केसला दोनपर्यंत ठीक. त्याहून जाड असेल तर तासून घ्या, नाहीतर टिचबटणं लागता लागत नाहीत.

आणि ओलं कातडं तुमच्या खऱ्या कॅमेऱ्यावर कुणालाही बसवू देऊ नका. ‘पन्नी गुंडाळतो की’ म्हणतील. नको. सुताराकडून कॅमेऱ्याच्या मापाचा ठोकळा करून घ्या, लेन्सच्या जागी गोल तुकडा चिकटवा आणि तो द्या. मामांना हे फार पटलं. पुढच्या वेळी त्यांनीच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला माझा ठोकळा दाखवला.

पट्टा कुठं अडकतो ते नीट बघा. बऱ्याच जुन्या केसमध्ये पट्टा केसला शिवलेला असतो, म्हणजे गळ्यातला सगळा भार दोन शिवणींवर. कॅमेऱ्याला बाजूच्या कड्या असतील तर केसला त्या जागी खाचा ठेवायला सांगा आणि पट्टा थेट कड्यांतून ओवा. केस फाटली तरी कॅमेरा गळ्यातच राहतो. कडी आणि कॅमेऱ्याचा पत्रा यांच्यामध्ये चामड्याची गोल चकती घाला, नाहीतर रंग खरवडतो. शिवण मेणाच्या दोऱ्याची, हाताची. आत लागणारी टिचबटणाची पाठ अस्तराखाली झाकलेली आहे ना, ते बोट फिरवून बघा. उघडी असली तर वरच्या पत्र्यावर रोज ओरखडा. अस्तराला साधं सुती मखमलीचं कापड पुरे, स्पंज नको, काही वर्षांनी त्याचा चिकट चुरा होतो.

मूळचीच जुनी केस कुणी विकत असेल तर मोह होतो, मलाही होतो. आधी नाक आत घालून वास घ्या. कुबट वास आला की पैसे खिशात. मग बोट घासा. विटकरी भुकटी बोटाला लागली तर ते कातडं मेलं, त्याला तेल पाजून उपयोग नाही. शिवण कुजली असेल तर काळजी नाही, त्याच भोकांतून आरीनं नवी घालता येते. केस धडकी असेल पण डागाळलेली, तरी कॅमेरा डब्यात आणि केस शेल्फवर शोभेला.

नवी केस आली की ओल्या पांढऱ्या फडक्यानं आतून-बाहेरून चोळा. फडक्यावर रंग आला तर मेच्या घामात तो सदऱ्यावरही येणार, तेव्हा परत द्या. बुटाचं पॉलिश लावू नका. घरातलं करडीचं तेल तर मुळीच नको. करडईचं तेल वाळून घट्ट होतं, म्हणून तर ते चित्रांच्या रंगांत घालतात. चामड्यावर त्याचा चिकट थर बसतो आणि त्यावर माळेगावची सगळी धूळ. मामा एरंडेलाचं बोट फिरवतात, तेही वर्षातून एकदा, बाहेरच्या बाजूनं, पितळेपासून लांब.

निघण्याच्या आठवड्यात एक जुना, वाया गेलेला रोल घालून घरातच सगळी कसरत करून बघा: नाक काढा, फोकस करा, रोल गुंडाळा, बदला, नाक परत लावा. डोळे मिटून जमलं पाहिजे, कारण जत्रेत बघायला सवड नसते. एसटीच्या हादऱ्यांनी केसचा स्क्रू ढिला होतो, मुक्कामी पोचल्यावर एक पीळ द्या. उन्हात उभ्या गाडीत केस ठेवू नका, काळं चामडं तापतं आणि आतला रोलही. परत आल्यावर कॅमेरा केसमधून काढा, केस उलटी करून झटका, मऊ ब्रशनं भंडारा काढा, दोन दिवस वाऱ्यावर ठेवा.

आणि एक नाणं. याशिकाचं बॅटरीचं झाकण नाण्यानं उघडतं, माझ्या केसचा स्क्रूही. सध्याची नाणी त्या खाचेला जाड पडतात. २०११ साली चलनातून गेलेलं चाराण्याचं एक नाणं मामांनी पट्ट्याच्या आतल्या बाजूला छोटा कप्पा करून त्यात शिवून दिलंय, एका बाजूनं उघडा, बोटानं ढकललं की बाहेर येतं.