शंभरपर्यंत येते, पण डबा उघडत नाही: पहिलीच्या तयारीत या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरातल्या कितीतरी घरी कूलरसमोर एक वही उघडलेली असते. जूनच्या शेवटी लेकरू पहिलीत जाणार, म्हणून एक ते शंभर, बाराखडी, ए टू झेड सगळं घोटून घेणं चालू असतं. शाळा सुरू झाली की वर्गाच्या दाराशी आई-बाबा कौतुकाने सांगतात, "मॅडम, याला शंभरपर्यंत सगळं येते." येतंही. पण त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो पोरगा डब्याचं झाकण उघडेना म्हणून उपाशी बसून राहतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या मला "उघडून द्या" म्हणत नाही.

मी पहिलीला शिकवते. अक्षरं आणि अंक शिकवायला अख्खं वर्ष माझ्या हातात असतं, त्याची घाई मला नसते. पहिल्या महिन्यात वर्गात जे अडतं ते झोपेवरून, लघवीवरून, डब्यावरून, बुटावरून. आणि सगळ्यात जास्त अडतं ते अनोळखी मोठ्या माणसाला आपली गरज सांगता न येण्यावरून. घरून करून पाठवायची तयारी ही आहे.

उन्हाळ्याचं घड्याळ तसंच चालू ठेवणं

बाकी महाराष्ट्रात शाळा साधारण १५ जूनच्या आसपास उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या आठवडाभर तरी उशिरा, जूनच्या शेवटच्या टप्प्यात सुरू होतात. लेकरांसाठी ते बरंच आहे, पण हा जास्तीचा आठवडा बहुतेक घरी झोपेतच जातो. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस) सुरू झाला की पारा ४५ च्या वर, दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मग कूलरपुढे तीन-तीन तास झोप, संध्याकाळी सातनंतर कॉलनीत खेळ आणि रात्री बारापर्यंत गच्चीवर धिंगाणा. ही सवय एका रविवारात मोडत नाही. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या तासिकेला बेंचवर डोकं टेकवून झोपलेली लेकरं मी दरवर्षी पाहते. त्यांना उठवून काही शिकवण्यात अर्थ नसतो.

बहुतेक पालक आधी रात्रीची वेळ बदलायला जातात आणि तिथेच फसतात. झोप न आलेल्या लेकराला नऊ वाजता गादीवर टाकलं की तासभर तमाशा ठरलेला. आधी सकाळ बदला. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून दोन-तीन दिवसांआड पंधरा मिनिटं लवकर उठवा, दुपारची झोप एका तासावर आणा, रात्र आपोआप मागे सरकते. या वयाला चोवीस तासांत दहा-अकरा तास झोप लागते, त्यावरून उलटं मोजा. मोजताना शाळेची वेळ धरू नका, व्हॅनची धरा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं खरं, पण व्हॅनवाल्या काकांच्या फेरीत तुमचं घर पहिलं असेल तर लेकरू शाळा भरायच्या पाऊण-एक तास आधीच गाडीत बसलेलं असतं.

"टीचर सरळ करेल तुला"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पोरगं ऐकत नाही, जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, की घरातलं कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे एकदा शाळेत, टीचर बरोबर सरळ करेल." बोलणारा विसरून जातो, लेकरू विसरत नाही. त्याच्या डोक्यात टीचर म्हणजे शिक्षा करणारी बाई. जूनमध्ये ती बाई समोर उभी राहते आणि लेकराला लघवीला लागते. विचारायचं कोणाला? तर तिलाच. तो विचारत नाही, पाय आवळून बसतो, शेवटी चड्डी ओली होते, पोरं हसतात, आणि दुसऱ्या दिवशी तो शाळेत जायचं नाही म्हणून रडतो. घरी वाटतं शाळेत कोणी मारलं असेल.

याला उतारा म्हणून "टीचर खूप छान असते" असं रोज सांगायची गरज नाही. मागायची सवय लावा, तेवढं पुरतं. किराणा दुकानात चिल्लर तुमच्या हाती ठेवू नका, त्याच्या हाती द्या आणि "काका, पारलेचा पुडा द्या" त्यालाच म्हणू द्या. नातेवाइकांकडे पाणी पाहिजे असेल तर तुम्ही मागू नका, त्याला मागू द्या. "तो लाजाळू आहे हो," असं त्याच्यासमोर तर मुळीच म्हणू नका. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्यानंतरच्या लेकरांच्या सणाला, सजवलेला लाकडी नंदी ओढत अनोळखी घरांच्या दारात उभं राहून बोजारा (खाऊ-पैसे) मागणारं लेकरू लाजाळू कसं? त्याला मागता येतं. फक्त तिथे सोबत दहा पोरं असतात आणि काय म्हणायचं ते पाठ असतं. शाळेसाठीही दोन-चार वाक्यं तशीच पाठ करून द्या: "टीचर, मला लघवीला जायचंय", "हे उघडून द्या", "मला समजलं नाही", "हा मला ढकलतो". शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर "मे आय गो टू वॉशरूम" इंग्रजीतून, पण सोबत हेही सांगा की इंग्रजी नाही आठवलं तर मराठीत बोल, हिंदीत बोल, पण बोल.

संडासचा विषय टाळणं

हा विषय पालकसभेत कोणी काढत नाही, म्हणून मीच काढते. आजकाल फ्लॅटमध्ये कमोड असतो, शाळेत बहुतेक ठिकाणी भारतीय बैठक. लेकराला उकिडवं बसता येत नाही, पडायची भीती वाटते, मग ते सकाळपासून शाळा सुटेपर्यंत दाबून ठेवतं. लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. जूनच्या शेवटी नागपुरात पाऊस आला तरी उकाडा गेलेला नसतो. पाणी कमी आणि दाबून ठेवणं यातून बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ, दोन्ही मागे लागतात.

मे-जूनमध्ये उकिडवं बसायचा सराव द्या. स्वतः धुणं, मग्गा किंवा नळ वापरणं, नंतर साबणाने हात धुणं, हे सगळं त्याचं त्याला आलं पाहिजे. चड्डी वर-खाली करताना बटण आणि हुक अडत असेल तर इलॅस्टिकची शिवून घ्या. युनिफॉर्म दुकानातून तयार मिळाला तरी शिंपी तेवढं करून देतो. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा लेकराला घेऊन शाळेत जा आणि वर्गाच्याही आधी संडास कुठे आहे ते दाखवा. दप्तरात एक जोडी जास्तीचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत असू द्या, आणि ते कशासाठी आहेत हे लेकराला माहीत असू द्या.

डबा सजवणं आणि झाकण न तपासणं

डब्याचे चार कप्पे, त्यात चार प्रकार. मधली सुट्टी किती? पंधरा-वीस मिनिटं. त्यात हात धुणं, रांग, डबा उघडणं, शेजाऱ्याच्या डब्यात डोकावणं. पोह्यातल्या मिरच्या आणि सांबार (कोथिंबीर) वेचता वेचता घंटा होते. डबा परत आला की घरी तक्रार, "खातच नाही."

घरी एक दिवस शाळेसारखं करून पाहा. दुकानातून आणलेला तोच डबा, तीच बाटली, जमिनीवर बसवा, तुम्ही दूर बसा, घड्याळ लावा. काय दिसतं? क्लिपचं झाकण दाबून लागत नाही, बाटलीची टोपी फिरवायला जोर पुरत नाही, जाड पोळी तोडताना भाजी सांडते. जे अडलं ते बदला. एका हाताने धरून खाता येईल असं द्या: पोळीचा रोल, पराठ्याचे तुकडे, धिरडं, इडली. घरी भरवायची सवय असेल तर ती मेमध्येच सुटली पाहिजे. शाळेत भरवायला कोणी नसतं.

वहीतल्या चुका

अभ्यास घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. घेताना गाडी चुकीच्या रुळावर जाते. लेकराला शंभरपर्यंत म्हणता येतं, पण बारा चिंचोके समोर टाकून "मला सात दे" म्हटलं की तोंड बोटाच्या पुढे पळतं. बोट चौथ्या चिंचोक्यावर, तोंडात "सहा". हे जुळलं नसेल तर एकोणतीस-एकोणचाळीसच्या मागे लागून उपयोग नाही. आधी दहाच्या आत मोजायला, वाटायला, कमी-जास्त ओळखायला लावा. ताटं मांडताना, कांदे पिशवीत भरताना ते आपोआप होतं.

लिहिण्याचंही तसंच. पाच-सहा वर्षांच्या हातात मनगटाची हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात, बोटांचे स्नायू लवकर थकतात. रोज दोन पानं गिरवून घेतली की लेकरू मुठीत पेन्सिल धरून जोर लावायला लागतं आणि ती पकड पुढे सोडवायला महिने जातात. त्यापेक्षा कणकेचे गोळे, ओला रुमाल पिळणं, कात्रीने जुना पेपर कापणं, मणी ओवणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात, तेव्हापासूनच सोलायचं काम त्याच्याकडे द्या. आपल्या संत्र्याची साल सैल, लहान बोटांना जमते. अक्षर उलटं काढलं, तीनचं तोंड भलतीकडे गेलं, तर लगेच खोडरबर घेऊन धावू नका. सात वर्षांपर्यंत हे चालतं.

भाषेसाठी रोज रात्री एक गोष्ट, कोणत्याही भाषेत, पण माणसाने सांगितलेली. शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून घरात मोडकं इंग्रजी बोलायला सुरुवात करणारे आई-बाबा पाहिले की मला वाईट वाटतं. ज्या लेकराला घरच्या भाषेत "मग काय झालं?" विचारता येतं, ते दुसऱ्या भाषेतही लवकर विचारायला लागतं.

आणि तुलना. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे एकाच बाकावर जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं लेकरू शेजारी बसतं, मध्ये जवळपास वर्षाचं अंतर. व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपवर कोणाचा पाढा कुठवर झाला हे वाचून आपल्या पोराला रागावण्याआधी दोघांचे वाढदिवस पाहा. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा होईल या भीतीने घोकून घेत असाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने अशी चाळणी बंद केलेली आहे.

कागद, दप्तर, डॉक्टर

जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतं का ते प्रवेशाआधी पाहा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे चढतं तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतं, आणि दहावीच्या वेळी दुरुस्तीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.

२०२० च्या दप्तर धोरणात पहिलीसाठी वजन १.६ ते २.२ किलो ठरवलंय. रिकामं दप्तरच किलोभर असेल तर काय उरलं? सीताबर्डीच्या बाजारात दप्तर घेताना चाकांपेक्षा चेन पाहा, लेकराला ती स्वतः ओढता आली पाहिजे. बूट वेल्क्रोचे.

डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान असतो, तो राहिला नाही ना ते लसीच्या कार्डावर तपासा. त्याच फेरीत डोळे आणि कानही तपासून घ्या. डोळा आळशी असेल, म्हणजे एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर जितका लवकर सापडेल तितका सुधारतो.

शाळा सुरू झाली आणि अडलं, तर

गेटवर रडतो: नजर चुकवून पळून जाऊ नका आणि पंधरा मिनिटं मिठी मारूनही उभ्या राहू नका. "मी इथेच झाडाखाली बसते" असं खोटं तर सांगूच नका. माझ्या वर्गात अशी लेकरं दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसतात, कारण त्यांना झाड दिसतं आणि आई दिसत नाही. खरं काय ते सांगा: डबा खाशील, मग दोन तासिका होतील, मग व्हॅन येईल. एक पापा आणि निघा. साधारण दोन-तीन आठवड्यांत रडणं कमी होतं. मध्ये एक दिवस "जाऊ दे आज" म्हणून घरी ठेवलं की मोजणी परत पहिल्यापासून.

"आज काय शिकवलं?" याला "काही नाही" हेच उत्तर मिळतं: आल्याआल्या विचारू नका, खाऊ द्या, पडू द्या. मग एखादी बारीक गोष्ट विचारा. डबा कोणाजवळ बसून खाल्ला? कोण रडलं? आणि दप्तरातून आधी वही काढून पाहायची सवय मोडा.

दर सोमवारी पोट दुखतं: पोट खरंच दुखत असतं, ते नाटक समजू नका. रविवारची झोप, शुक्रवारी वर्गात झालेलं काही, संडासला न जाणं, या क्रमाने शोधा. सुट्टीच्या दिवशीही दुखत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आधी कोरडं राहणारं लेकरू पुन्हा कपडे ओले करू लागलं, महिना-दीड महिना उलटूनही रडणं तसंच राहिलं, किंवा त्याचं बोलणं घराबाहेरच्यांना कळतच नसेल, तरीही दाखवा.

शिक्षकांशी बोलायचं असेल तर सकाळी दारात गाठू नका. तेव्हा माझ्यामागे चाळीस लेकरं असतात आणि तुमचं लेकरू आपल्याबद्दलचं सगळं ऐकत उभं असतं. डायरीत दोन ओळी लिहा, शाळा सुटल्यावर भेटा. लिहिताना "लक्ष द्या" एवढंच लिहू नका. "बाटलीची टोपी उघडत नाही, तीन दिवसांपासून पाणी तसंच परत येतंय," असं लिहिलं की त्याच दिवशी काम होतं.